खांद्यावरचा वळ

ज्याच्या अंगात ताकद असते त्याला गाव पैलवान म्हणतं, आणि पैलवानाला दूध, खारीक आणि मान असं सगळं मिळतं. मला यातलं काही मिळालं नाही. मी लागोपाठ तीन वर्षं खंडोबाच्या जत्रेत बारा गाड्या ओढल्या, तरी एकाही माणसानं माझ्या दंडाला हात लावून 'वा रे गड्या' म्हटलं नाही. कारण ओढणारा मी नव्हतोच, देव होता. मी नुसता दोर बांधायचा खुंटा. तेव्हा मला याचा फार राग यायचा. आता म्हातारपणी राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो, आणि तो माझा मलाच येतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचं गाव तेलगावापासून पायी दोन-तीन तासांच्या वाटेवर. चंपाषष्ठीला खंडोबाची जत्रा भरायची. आधी ठाण्याच्या अमीनसाहेबाची, म्हणजे फौजदाराची, इजाजत आणायची, मग वेशीपाशी बारा बैलगाड्या, बैल सोडून, एकीमागं एक बांधायच्या. प्रत्येक गाडीत तीन-चार माणसं बसवायची. पहिल्या गाडीचा दोर एकाच माणसाच्या खांद्यावरून घेऊन छातीशी बांधायचा, आणि त्यानं त्या गाड्या देवळासमोरच्या दीपमाळेपर्यंत ओढत न्यायच्या. हा मान आमच्या घराचा होता.

ओढण्याआधी वाघ्या आमच्या घराची गोष्ट गायचा. हा वाघ्या लहानपणीच देवाला वाहिलेला, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, आवाज असा की वेशीपलीकडची कुत्री गप्प बसत. गोष्ट अशी होती की आमच्या पणज्याच्या काळी जत्रेला येणाऱ्या बारा गाड्या नदीच्या पुरात अडकल्या, बैल वाहून गेले, आणि पणज्यानं देवाचं नाव घेऊन एकट्यानं त्या काठाला ओढून काढल्या. पणजा म्हणे इतका हाडकुळा होता की त्याला भरली घागर उचलत नव्हती. वाघ्या हे फार रंगवून सांगायचा, कारण सगळी मेख तिथंच होती. पणजा धट्टाकट्टा असता तर देवाला श्रेय कसं मिळालं असतं?

त्यातूनच आमच्या घराचा नेम निघाला. ओढणाऱ्यानं पाच दिवस दुधावर राहायचं, अनवाणी चालायचं, आणि सराव करायचा नाही. सराव हे पाप. ज्यानं सराव केला त्यानं देवावर भरवसा ठेवला नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या घरातली पोरं तालमीची पायरीसुद्धा चढत नसत.

मी आणि माझा धाकटा भाऊ याच गोष्टीवर वाढलो. त्याच्यात-माझ्यात तीन वर्षांचं अंतर. बाजेला दोर बांधून आम्ही 'गाड्या गाड्या' खेळायचो. मी ओढायचो आणि तो वाघ्या होऊन पणज्याची गोष्ट म्हणायचा, एक शब्द न चुकता. माझं लक्ष दोराकडं असायचं, त्याचं गोष्टीकडं. अक्षरओळख व्हायच्या आधी आपण कोण आहोत हे आम्हा दोघांना पाठ झालेलं होतं.

मग एका उन्हाळ्यात, परळीच्या बैलबाजारात एका बैलानं वडिलांच्या गुडघ्यावर लाथ मारली. गुडघा बरा झाला, पण पहिल्यासारखा नाही. येत्या चंपाषष्ठीला दोर माझ्या खांद्यावर येणार, हे कुणी न सांगताच ठरलं. मी विशीतला, अंगानं बरा होतो. पण बारा गाड्या माझ्यानं हलतील याचा भरवसा वाटेना.

एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी अंगणातली आमची एकुलती गाडी ओढून बघितली. मनात देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले, जोर लावला. गाडी दोन हात सरकली आणि थांबली. एक गाडी, तीही रिकामी. मी ओट्यावर बसलो आणि खरंच रडलो. एक तर देव नाही, नाहीतर देव आहे पण माझ्याबरोबर नाही. यातलं कोणतं जास्त वाईट हे मला ठरवता येईना.

पुढच्या बाजाराला बैलांना नाल मारायला मी युसूफ वडगावला गेलो होतो. तिथला नालबंद आमच्या घराच्या ओळखीचा मुसलमान म्हातारा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तरुणपणी त्यानं तालमीत बरीच माती अंगाला लावली होती. माझं तोंड उतरलेलं बघून त्यानं विचारलं, आणि घरच्यांना जे सांगितलं नसतं ते मी त्याला सांगून टाकलं.

चाचा हसला. "देवाला कावून तरास देतो बे? तुमच्या गावची वाट उताराची हाय. वेशीत घागर सांडली तर पानी कुटं जातं?"

"देवळाकडं."

"मंग? पयली धा पावलं लई जड. तेवढी मार. पुढं गाड्या आपल्या पायानं येतात." मग तो हसायचा थांबला. "गाड्या वढनं सोपं हाय, बेटा. गाड्यांतून सुटनं अवघड. त्या थांबत न्हाईत. दीपमाळेच्या आदी डावीकडं झालास तर वाचलास."

त्यानं तिथंच दोर घेऊन मला सुटती गाठ दाखवली. एक टोक ओढलं की सगळा दोर गळून पडतो. वाकून, मांड्यांच्या जोरावर कसं ओढायचं, खांदा कसा द्यायचा, हेही दाखवलं. पाण्याचा उतार मी जन्मभर बघत आलो होतो, सगळं गाव बघत आलं होतं, पण जत्रेच्या दिवशी तो कुणाला दिसत नव्हता.

मी दोन महिने सराव केला. ओढ्यापलीकडं आमचा एक तुकडा होता, तिकडं कुणी फिरकत नसे. दुपारच्या वेळी कुळवावर दगड ठेवून मी तो बैलासारखा ओढायचो, आणि मोजून पावलं टाकून डावीकडं उडी घ्यायचो. खांद्याची साल निघाली, खपली धरली, परत निघाली. घरात मी अंगावर उपरणं ठेवूनच वावरायचो. पाप करतोय हे कळत होतं. पण दीपमाळेपाशी चाकाखाली जाण्यापेक्षा पाप बरं, असं माझं साधं गणित होतं.

चंपाषष्ठीला दोर मी माझ्याच हातानं बांधून घेतला, आणि गाड्या हलल्या. दहा पावलांपर्यंत डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि मग चाचा म्हणाला होता तसंच झालं, गाड्या मागं लागल्या. दीपमाळेच्या अलीकडं मी गाठ ओढली, डावीकडं झालो, गाड्या चार हात पुढं जाऊन समोरच्या मातीच्या ढिगात रुतल्या. 'येळकोट येळकोट' नं आभाळ दणाणलं. भंडाऱ्यानं मी पिवळा झालो. माझ्या आयुष्यात तेवढा आनंद पुन्हा झाला नाही, हे मी लपवणार नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी ओढल्या, माझ्या मांड्यांनी ओढल्या! पण लोक माझ्या पाया पडत होते, आणि पाया पडणाऱ्याला असलं कुणी सांगत नाही.

घोळ झाला तो नंतर. ओढणाऱ्याला देवळापुढं बसवून अंघोळ घालायची रीत होती. वाघ्यानं माझ्या खांद्यावरून पाणी ओतलं आणि त्याचा हात थांबला.

"ही खपली आजची न्हाई," तो म्हणाला. "ह्यो वळ जुना हाय. कशाचा?"

भोवती पन्नास माणसं. वडील समोर उभे. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

"सपान पडलतं," मी म्हणालो. "देव घोड्यावरून आला आन् खांद्यावर कोरडा मारला. म्हणाला, औंदा मी वढतो, तू नुसता चाल. जागा झालो तर वळ उठल्याला."

मग वाघ्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. तोपर्यंत मी एक गाड्या ओढणारा होतो. त्या वाक्यानं मी देवाचा माणूस झालो. पुढच्या वर्षी पणज्याच्या गोष्टीला जोडून वाघ्या माझी गोष्ट गायला लागला. घोडा पांढरा झाला, कोरड्याला, म्हणजे चाबकाला, चांदीची मूठ आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर देवळात टांगली गेली.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. दुसऱ्या वर्षी सराव करताना सुद्धा मला कधीकधी वाटायचं, घोडा खरंच आला असेल. इतक्या तोंडांनी इतक्या वेळा ऐकल्यावर आपलंच खोटं आपल्याला ओळखू येत नाही. बाजारात लोक बोट दाखवायचे, "ह्येच ते, कोरडा खाल्लेले." मी त्यांच्यासमोरून जरा हळूहळू चालायचो.

घरात एकट्या भावाला ते स्वप्न म्हणजे सगळं काही होतं. तो माझ्या खांद्याला तेल लावायचा, वळावर बोट फिरवून विचारायचा, "दुखलं का रं दादा? देवाचं तोंड कसं हाय?" मी काहीबाही सांगायचो. त्याच्यापुढं मला लाज वाटायची, तरी सांगायचो. सकाळी उठल्यावर तो आपला खांदा उघडा करून बघायचा, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. मी हसण्यावारी नेलं. तिथं हसायला नको होतं.

चौथ्या वर्षी, जत्रेला महिना उरला असताना, भाऊ देवळात आरतीनंतर उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, "मला सपान पडलं. पांढरा घोडा. देव म्हणाला, औंदा तू."

आडवा कोण येणार? वाघ्यानं साक्ष म्हणून बेल-भंडार उचलला. देवानं मान धाकट्याकडं दिला, असं ठरून गेलं. सगळे माझ्याकडं बघत होते, मी रुसतो की काय म्हणून. मी रुसलो नव्हतो. मी घाबरलो होतो, कारण त्या देवळात मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं की त्याचं स्वप्न माझ्या खोट्यातून आलेलं आहे. 'त्याचं स्वप्न खरं नाही' म्हणायचं तर 'माझंही नव्हतं' म्हणावं लागलं असतं. तीन वर्षांचा मान, वडिलांची इज्जत, पणज्याची गोष्ट, सगळं एका वाक्यानं आडवं झालं असतं. इकडं आड, तिकडं विहीर. मी गप्प बसलो.

तरी वाटलं, निदान त्याला शिकवू. एका दुपारी त्याला ओढ्यापलीकडं नेलं. म्हटलं, "जरा दोर खांद्यावर घिऊन बघ."

तो मागं सरला. "दादा, तू आसं म्हनतुस? सराव?"

"सराव न्हाई रं. नुसती गाठ दावतो. सुटती गाठ बांध, म्हंजी येळंला बाजूला होता येतं."

"वढनार देव हाय," तो म्हणाला, अगदी प्रेमानं, मला समजावल्यासारखं. "मंग सुटायचं कशापून?"

याला उत्तर होतं. एका वाक्याचं होतं. ते माझ्या तोंडात आलं, आणि मी ते गिळलं. म्हटलं, "बरं, दीपमाळेच्या आदी डावीकडं हो, येवढं ध्येनात ठेव." तो हो म्हणाला. आम्ही घरी आलो. पुढचा महिनाभर मी स्वतःला सांगत होतो की सांगितलंय, त्याला सांगितलंय.

त्या वर्षी गाड्या पहिल्या झटक्यात हलल्या. भाऊ माझ्यापेक्षा हलका, पण असा झोकून दिला त्यानं की दहा पावलं कधी संपली कळलं नाही. लोक वेडे झाले. मी त्याच्या बाजूनं पळत होतो. त्याचे डोळे देवळाच्या दारावर लागलेले, तोंडावर हसू. गाड्या मागून वेग धरायला लागल्या आणि मी ओरडायला लागलो, "डावीकडं! डावीकडं हो!" येळकोटात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी दोराला हात घातला. गाठ पक्की होती, भंडारा लावून वाघ्यानं बांधलेली. दीपमाळेपाशी तो थांबला, हात जोडायला. गाड्या थांबल्या नाहीत.

पहिल्या गाडीचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. चाकावरच्या लोखंडी धावेचा तो आवाज मी लिहिणार नाही.

हाडवैद्यानं पाय वाचवला, पण तो नुसता लोंबता राहिला, गुडघ्याखाली जीव नाही. भाऊ चार महिने बाजेवर होता. गावात लगेच चर्चा सुरू झाली की उपासाच्या दिवसांत त्यानं काहीतरी चोरून खाल्लं असणार. कुणी म्हणालं, विटाळाची सावली पडली. भावानं स्वतःच स्वतःचा गुन्हा शोधून काढला. मला म्हणाला, "दादा, दोर बांधताना माझ्या मनात आलतं, आता दादापेक्षा माझं नाव मोठं व्हनार. देवाला कळलं." आणि तो माझी माफी मागायला लागला. माझी! मी तिथून उठून गोठ्यात गेलो आणि बैलाच्या मानेला धरून उभा राहिलो.

वडील माझ्यामागून आले. लंगडत. गोठ्याचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "त्याला गाठ कावून न्हाई शिकवली?"

मी वर बघितलं.

"वड्यापल्याडच्या शेतात कुळवाची रेघ दिसायची," ते म्हणाले. "बैलाचा खूर एक न्हाई. माणसाचं पाऊल. मला काय कळत न्हाई व्हय? मी बी तिथंच वढलाय कुळव, माझ्या येळंला. माझा बा बी वढत आसंल. कोन कुनाला सांगतंय. तू धाकट्याला घिऊन गेलतास त्या दिवशी. मला वाटलं शिकवलंस."

म्हणजे आमच्या घरात प्रत्येकानं एकेकट्यानं चोरून ताकद कमावली होती, आणि वर येऊन पणज्याची गोष्ट ऐकताना डोळे मिटून हात जोडले होते. पुरुषांच्या चार पिढ्यांत त्या गोष्टीवर अगदी खरा, पुरा विश्वास ठेवणारा एकच निघाला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला चाकाखाली दिला. मला वडिलांचा इतका संताप आला की त्यांचा गळा धरावा. मग दिसलं की त्यांना धरलं तर मलाही धरावं लागेल.

"आता सांगू का सगळ्यांला?" मी विचारलं.

"सांगून त्याचा पाय येतो का?" ते म्हणाले, आणि कडबा टाकायला लागले.

पुढच्या चंपाषष्ठीला दोर चुलतभावाच्या खांद्यावर जाणार होता. धडधाकट गडी, पण सरळ, जे गायलं जाईल ते खरं मानणारा. मला रोज चाक दिसत होतं. खरं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती, ती आजही कितपत आहे देव जाणे. शेवटी मला जे येत होतं तेच मी केलं. जत्रेच्या दोन महिने आधी देवळात सगळे जमलेले असताना मी उभा राहिलो आणि दुसऱ्यांदा खोटं बोललो.

म्हणालो, स्वप्न पडलं. देव म्हणाला, माझं वारं पेलायला अंग तयार लागतं. ओढणाऱ्यानं सव्वा महिना आधीपासून माझ्या नावानं कुळव ओढावा. गाठ सुटती बांधावी. दीपमाळेच्या आधी डाव्या अंगानं बाजूला होऊन मला वाट द्यावी, पुढं मी एकटा जातो.

कुणी शंका घेतली नाही. उलट लोकांना वाटलं, बरोबर आहे, मागच्या वर्षी हेच चुकलं. वाघ्यानं तिथल्या तिथं चाल लावायला घेतली. चुलतभावानं माझे पाय धरले. कपाळावर आठी होती ती फक्त वडिलांच्या. एका खोट्यानं जे बिघडलं ते दुसऱ्या खोट्यानं मी सावरलं होतं, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. त्यानंतर आजपर्यंत आमच्या जत्रेत कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मग लोक पांगले. भाऊ खांबाला टेकून बसला होता, लुळा पाय हातानं उचलून नीट ठेवत. मी त्याला उठवायला गेलो, तर त्यानं मला खाली बसायची खूण केली.

"दादा," तो म्हणाला, "ह्ये देवानं गेल्या साली कावून न्हाई सांगितलं?"

रागानं नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि देवाशी बोलणारा त्याच्या ओळखीचा माणूस मीच होतो. मी त्याच्या पायाखाली उपरणं सारलं.

तोच म्हणाला, "तुला न्हाई, मला म्हंतो मी. माझ्या सपनात बी आलता की त्यो. मला तर कायच बोलला न्हाई गाठीचं." त्यानं जरा विचार केला, आणि मान हलवली. "मंग माझं सपानच खोटं आसंल, दादा. तुजं खरं."

मी त्याला हात दिला आणि घरी घेऊन आलो. वाटेत मी नाही म्हणालो नाही.